बाळाला खुणा शिकवायच्या आणि खेळणी घरीच करायची, तर आधी काय आणि नंतर काय

बहुतेक घरांत हे असं होतं. कुणीतरी बाळाला शिकवायच्या, हातांनी करायच्या तीस खुणांच्या तक्त्याची प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवतं, त्याच आठवड्यात पुठ्ठे, बाटल्या, झाकणं गोळा करून चार खेळणीही तयार होतात, नव्याचे नऊ दिवस दणक्यात जातात, बाळ काही खुणा करत नाही, खेळणी पलंगाखाली जातात आणि शेवटी "आमच्याकडे नाही जमलं बुवा" असं ठरतं. यात बाळाचं काही चुकत नाही आणि खुणांचंही नाही, क्रम उलटा झालेला असतो. खुणा एकीकडे आणि खेळणी दुसरीकडे, दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही. खरं तर आधी खूण ठरवायची, मग ती करावीशी वाटेल असा प्रसंग कुठला ते बघायचं, आणि तो प्रसंग दिवसातून चारदा घडावा म्हणून खेळणं करायचं. एवढा क्रम पाळला तरी अर्धं काम होतं.

आणखी एक आधीच सांगून ठेवते. खुणा शिकवल्याने मूल जास्त हुशार होतं किंवा लवकर बोलायला लागतं असं कुणी सांगत असेल तर त्याला भक्कम पुरावा नाही. तसंच खुणांमुळे बोलणं लांबतं ही भीतीही खोटी, त्यालाही पुरावा नाही. फायदा साधा आहे, बोलता येण्याआधी मुलाला "अजून दे", "झालं", "उघडून दे" एवढं सांगता येतं आणि थोडी रडारड वाचते. माझ्या मते तेवढं पुरे.

टप्पा १ : तीन दिवस नुसतं बघा

होय, नुसतं बघायचं. कागद-पेन जवळ ठेवा आणि मूल कशासाठी हात पुढे करतं, कशावरून चिडतं, कशाकडे बोट दाखवतं ते लिहा. डबा उघडत नाही म्हणून रडलं, बॉल सोफ्याखाली गेला म्हणून रडलं, खिडकीवर पक्षी बसला तर अंगाला हिसके देऊन ओरडलं, असं. तुमच्या खुणा या यादीतून निघणार आहेत, फ्रिजवरच्या तक्त्यातून नाही.

वय किती हवं? साधारण ६ महिन्यांपासून दाखवायला सुरुवात करता येते, पण मुलाकडून उत्तर यायला बहुतेक वेळा ८ ते १० महिने उजाडतात, कधी त्याहून उशीर. म्हणजे लवकर सुरू केलं तर एक-दोन महिने, किंवा जास्तच, सगळं एकतर्फी चालणार हे डोक्यात असू द्या. वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाबरोबर सुरू केलं तर हा एकतर्फी काळ बऱ्याचदा कमी होतो. मूल बाय-बाय म्हणून हात हलवतंय किंवा बोट दाखवतंय? मग ते तयार आहे, वाट बघू नका.

थांबा, आधी हे तपासा : मोठ्या आवाजाने दचकत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, तर आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या. १२ महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणं किंवा हात हलवणं नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा येत असलेली गोष्ट अचानक बंद झाली, तरीही दाखवायचं. "खुणा करतोय ना, बोलेल हळूहळू" म्हणून टाळू नका. आणि मुलाला ऐकू येत नसेल तर या लेखातल्या पाच-दहा खुणा अजिबात पुरेशा नाहीत, त्याला पूर्ण सांकेतिक भाषा हवी, ती अस्खलित येणाऱ्या माणसांच्या सहवासात आणि शक्य तितक्या लवकर.

टप्पा २ : तीनच खुणा निवडा

तीन. तीस नाही, दहाही नाही.

त्यातली एक अशी निवडा जी दिवसात खूप वेळा लागते, एक अशी जिने मुलाची चिडचिड कमी होईल, आणि एक निव्वळ मजेची. मजेची खूण लोक वगळतात आणि बऱ्याचदा पहिली तीच येते, कारण कुत्रा दिसला की मुलाला जे होतं ते दूध दिसल्यावर होत नाही.

खुणा मनाने बनवायच्या की खऱ्या सांकेतिक भाषेतल्या घ्यायच्या? घरापुरतं दोन्ही चालतं. पण खऱ्या घेतल्या तर एक फायदा, सगळ्यांना एकाच ठिकाणी बघता येतात आणि आजी एक करतेय, बाबा दुसरी करतोय असं होत नाही. फक्त लक्षात ठेवा की सांकेतिक भाषा जगभर एक नाही. अमेरिकन, ब्रिटिश, भारतीय या सगळ्या वेगवेगळ्या आणि पूर्ण भाषा आहेत, त्यांना स्वतःचं व्याकरण आहे. नेटवरच्या बहुतेक तक्त्यांत अमेरिकन खुणा असतात. कुठल्याही घ्या, पण एकाच भाषेतल्या घ्या, आणि तीन-चार सुट्या खुणा आल्या की मुलाला सांकेतिक भाषा येते असं म्हणू नका.

सुरुवातीला बऱ्या पडतात अशा काही खुणा, अमेरिकन पद्धतीच्या :

अजून : दोन्ही हातांची बोटं अंगठ्याला टेकवून चोची करायच्या आणि दोन्ही चोचींची टोकं एकमेकांना टेकवायची, दोन-तीनदा.

संपलं : दोन्ही पंजे छातीसमोर उघडे, तळवे आपल्याकडे, मग मनगटं फिरवून तळवे बाहेर.

मदत : एक तळवा सपाट, त्यावर दुसऱ्या हाताची मूठ अंगठा वर करून, आणि दोन्ही हात एकदम वर उचलायचे.

दूध : मूठ उघडझाप.

पक्षी : तोंडाजवळ अंगठा आणि तर्जनीची चोच, उघडझाप.

बॉल : दोन्ही पंजांनी हवेत गोल धरल्यासारखं.

"अजून" बद्दल एक इशारा, कारण आमच्याकडे याने वैताग आणला होता. सगळे पहिली खूण तीच शिकवतात आणि मग मूल प्रत्येक गोष्टीसाठी अजून-अजून करत सुटतं, पाणी हवं तरी अजून, कडेवर घे तरी अजून, कुत्रा दिसला तरी अजून. मुलाच्या बाजूने ते बरोबरच आहे, एक किल्ली मिळाली आणि तिने सगळी कुलपं उघडतायत. म्हणून "अजून" घेतलीत तर सोबत एखाद्या वस्तूच्या नावाची खूण नक्की घ्या.

तपासा : घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तिन्ही खुणा करून दाखवायला सांगा. एकानेही वेगळी केली तर आजच एकमत करा. सांभाळायला कुणी येत असेल तर त्यांनाही दाखवा, मुलाबरोबर दिवसभर तेच असतात.

टप्पा ३ : खूण दाखवायची कशी

इथेच घोडं पेंड खातं. लोक खूण बरोबर करतात पण मूल बघत नसताना करतात.

१. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर या. उभ्याने केलेली खूण त्याच्या नजरेच्या वर राहते, त्याला फक्त तुमचे गुडघे दिसतात.

२. मूल आधीच ज्या गोष्टीकडे बघतंय तिचीच खूण करा. बॉल बघतंय तर बॉल. त्याचं लक्ष तोडून "इकडे बघ, इकडे बघ, दूध!" असं नको.

३. मूल तोंड वर करत नसेल तर तुमचा हात त्याच्या नजरेत न्या, वस्तूच्या अगदी बाजूला, किंवा हलकेच त्याला शिवून लक्ष वेधा. कर्णबधिर आईवडील आपल्या मुलांशी असंच करतात, खूण मुलाच्या नजरेच्या टप्प्यात आणतात, थोडी मोठी आणि सावकाश करतात, कधी मुलाच्या अंगावरच करतात.

४. खूण आणि शब्द एकत्र. तोंड बंद ठेवून फक्त हात हलवू नका. वाक्य नेहमीसारखं पूर्ण बोला, "बॉल हवा?", आणि खूण फक्त "बॉल" शब्दावर करा.

५. आता थांबा. मनात दहापर्यंत मोजा. हे सगळ्यात अवघड आहे, आपल्याला शांतता सहन होत नाही, आपण दोन सेकंदांत पुन्हा बोलतो, पुन्हा खूण करतो, आणि मुलाची पाळी येतच नाही.

६. उत्तर आलं नाही तरी वस्तू द्या. देताना खूण पुन्हा एकदा.

सहावा मुद्दा पुन्हा वाचा. "खूण केल्याशिवाय पाणी नाही" हे कधीच करायचं नाही, दूध-पाणी-जेवण-झोप यांवर तर मुळीच नाही. ओलीस ठेवून भाषा शिकवता येत नाही. मुलाचे हात धरून खूण करवून घेणंही टाळा, काही मुलांना ते अजिबात आवडत नाही आणि ती हात मागे लपवायला लागतात.

टप्पा ४ : आता खेळणी, पण आधी मापं

कात्री हातात घेण्याआधी हे नियम. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे छोटे भाग तपासायला एक ठराविक नळी वापरतात, तिचा व्यास ३१.७ मिमी असतो. घरी सोपं करायचं तर टॉयलेट पेपर रोलची आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, ती त्याहून थोडी रुंदच असते. त्यातून जी गोष्ट आरपार जाते ती मुलाच्या हातात द्यायची नाही. गोल वस्तू तर आणखी मोठी हवी, निदान ४५ मिमी, कारण गोळी घशात बसली की श्वासनलिका पुरती बंद होते.

दोरी किंवा नाडी २० सेंमीपेक्षा लांब नको, आणि फास होईल अशी अजिबात नको. घरच्या खेळण्यात चुंबक, बटण सेल, फुगे, थर्माकोल, पाण्यात फुगणारे रंगीत मणी, प्लास्टिकच्या पातळ पिशव्या यांना जागाच नाही. बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजू शकतं आणि एकापेक्षा जास्त चुंबक गिळले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना खेचतात, म्हणून "मी लक्ष ठेवेन ना" हे इथे चालत नाही. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच दवाखाना.

खेळणं क : बंद बरणी (खूण : मदत)

यात करायचं काहीच नाही म्हणून लोक हे करत नाहीत, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त खुणा याच्यातून येतात. पारदर्शक, न फुटणारी प्लास्टिकची बरणी, रुंद तोंडाची, फिरकीचं झाकण. आत मुलाची आवडती मोठी वस्तू, गाडी किंवा बॉल. झाकण घट्ट लावून मुलासमोर ठेवा. ते बरणी आपटेल, चाटेल, मग तुमच्याकडे बघेल. त्या नजरेची वाट बघायची. बघितलं की "मदत हवी?" आणि खूण, दहा आकडे, मग उघडून द्या. आत टाकायचं, लावायचं, पुन्हा. चिडून रडायला लागण्याआधी उघडा हां, रडणाऱ्या मुलाला काही शिकता येत नाही.

खेळणं ख : झाकणं टाकायचा डबा (खुणा : अजून, संपलं)

१. आधी झाकणं जमवा, सहा ते आठ, प्लास्टिकची, ५ सेंमीहून मोठी. गरम साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा.

२. मग मऊ प्लास्टिकच्या झाकणाचा डबा घ्या. जमवलेल्यांपैकी सगळ्यात जाड झाकणाची जाडी मोजा आणि डब्याच्या झाकणात खाच तिच्या दुप्पट रुंद काढा. लोक आधी खाच कापतात आणि मग झाकणं शोधत बसतात, मग एक जातं, दुसरं अडकतं, आणि मूल दोन मिनिटांत डबा भिरकावतं.

३. खाचेच्या कडा सॅंडपेपरने घासा, स्वतःचं बोट आतून फिरवून बघा. बोचलं तर अजून घासा. वरून कापडी टेप.

४. टेप चिकटवताना कडेला सुटं टोक राहू देऊ नका, मूल पहिल्यांदा तेच सोलतं.

खेळताना सगळी झाकणं मुलासमोर ओतली की खूण करायला कारणच उरत नाही. झाकणं तुमच्याकडे ठेवा, एक द्या, टाकू द्या, टण्‌ आवाज झाला की "अजून?" आणि थांबा. शेवटचं गेलं की रिकामे हात दाखवून "संपलं". मग डबा उघडून पुन्हा पहिल्यापासून, आणि ते पुन्हा-पुन्हा करताना तुम्ही कंटाळाल, मूल नाही.

खेळणं ग : पडद्यांची पाटी (खुणा : पक्षी, कुत्रा, बॉल)

साधारण ३० बाय ४० सेंमीचे जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे. वरच्या तुकड्यात चार खिडक्या कापायच्या, खिडक्यांच्या मागे फोटो, वरून कापडाचे पडदे. क्रम असा : खिडक्या कापा, फोटोंवर रुंद पारदर्शक टेप लावून चारही कडा बंद करा, फोटो खालच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, खिडकीच्या वर एक चीर पाडून पडद्याची वरची कड तिच्यातून मागे घ्या, मागच्या बाजूला चिकटवा, आणि मग दोन्ही पुठ्ठे एकमेकांवर डकवा. पडदा शेवटी वरून चिकटवला तर तो एका दिवसात हातात येतो, मधे दाबला गेला की टिकतो. कडांना कापडी टेप, नाहीतर पुठ्ठा चावून भिजतो.

फोटो घरच्या, ओळखीच्या गोष्टींचे घ्या. त्याचाच बॉल, रोज दिसणारा कुत्रा. मुलाने पडदा उचलला की त्याला आधी बघू द्या, लगेच खूण मारू नका. ते चित्र बघून तुमच्याकडे वळेल, तेव्हा.

खेळणं घ : खुळखुळा बाटली (खूण : ऐक, कानामागे हात)

हे सगळेच करतात आणि सगळ्यात निष्काळजीपणे करतात. विचार करा, बाटलीच्या तोंडातून जे आत जातं ते मुलाच्या घशातही जाऊ शकतं, म्हणजे या खेळण्यात खरी गोष्ट झाकण. बाटली आतून पूर्ण कोरडी हवी, एक रात्र उलटी ठेवा. पाव भागापेक्षा जास्त दाणे भरू नका, आवाज बसतो. गोंद झाकणात न घालता बाटलीच्या आट्यांवर फिरवून लावा, झाकण घट्ट पिळा आणि २४ तास हात लावू नका. मी पहिल्या वेळी तासाभरात दिली होती, झाकण माझ्याच हातात आलं आणि दाणे खोलीभर, संध्याकाळी गालिच्यावर रांगत एकेक दाणा वेचत होते. वाळल्यावर वरून कापडी टेपचे तीन वेढे.

तपासा, चारही खेळणी मुलाला देण्याआधी : कमरेच्या उंचीवरून दहा वेळा पाडा. पूर्ण ताकदीने ओढा, पिळा. ओल्या फडक्याने घासून रंग जातो का बघा. सुटलेला प्रत्येक तुकडा नळीतून टाकून बघा. एकही गेला तर खेळणं बाद, "चिकटवून देते पुन्हा" असं नको.

हातमोज्याच्या बाहुल्यांबद्दल कुणीतरी विचारतंच. पायमोज्याला डोळे शिवून बाहुली केली की गोड दिसते खरी, पण तुमचा हात आत गेला की खूण कुठल्या हाताने करणार? मी दोन रात्री जागून शिवली होती, तेव्हा हे सुचलं नाही. करायचीच तर बोटं बाहेर राहतील अशी करा आणि डोळ्यांना बटणं लावण्याऐवजी धाग्याचे टाके घाला.

टप्पा ५ : रोजचं वेळापत्रक, फार ताणू नका

एका वेळी एकच खेळणं बाहेर. पाच मिनिटं, मूल पोट भरलेलं आणि झोप झालेलं असताना, दिवसातून दोन-तीनदा. बाकी वेळ त्याच तीन खुणा नेहमीच्या कामांत. खेळणी फक्त सरावाची जागा, बरणीवर शिकलेली "मदत" बुटाच्या वेळी, चेनच्या वेळी, सोफ्याखाली गेलेल्या बॉलच्या वेळी तुम्ही दाखवली नाहीत तर ती बरणीपुरतीच राहील.

बाकीची खेळणी नजरेआड ठेवा आणि आठवड्याने अदलाबदल करा. ठेवताना प्रत्येक खेळणं हातात घेऊन बघायचं, टेप उठलाय का, पुठ्ठा मऊ पडलाय का, बाटलीला तडा गेलाय का. पुठ्ठ्याची खेळणी काही आठवड्यांची सोबती असतात, ओली झाली की टाकून द्यायची, कितीही कष्टाने केली असली तरी.

टप्पा ६ : मुलाची खूण ओळखा

मूल तुमच्यासारखी खूण करणार नाही. लहान मुलांना बोटांपेक्षा खांदा-कोपर आधी वळवता येतात, त्यामुळे बारीक बोटांची खूण मोठ्या हाताच्या हालचालीने होते. "अजून" ची टाळी होते किंवा एक बोट तळव्यावर टोचलं जातं. "संपलं" म्हणजे दोन्ही हात झटकणं. "मदत" म्हणजे छातीवर थापट्या. मग आई म्हणते अजून करतच नाही, आणि मूल आठवडाभर टाळ्या वाजवून थकलेलं असतं.

फ्रिजवर तक्ता लावायचाच असेल तर हा लावा : तारीख, मुलाने काय केलं, त्या वेळी काय चाललं होतं. एकच हालचाल एकाच प्रसंगी तीन-चारदा दिसली तर ती खूण समजा आणि तसं वागा, लगेच वस्तू द्या, आनंद दाखवा. तुम्ही मात्र खूण मूळ पद्धतीनेच करत राहा. मुलाची बोबडी खूण उचलून तुम्ही तशीच करायला लागलात तर त्याला नीट खूण बघायला कुठे मिळणार? आणि दुरुस्त करू नका, "असं नाही, असं" म्हणून बोटं वाकवत बसू नका.

सहा-आठ आठवडे झाले आणि काहीच नाही? मग आधी स्वतःचा व्हिडिओ काढून बघा. बऱ्याचदा दिसतं की खूण मुलाच्या पाठीमागे होतेय किंवा थांबायचं राहून जातंय.

टप्पा ७ : चौथी खूण कधी

तिन्हींपैकी निदान एक मूल आपणहून, तुम्ही न दाखवता, दोन वेगळ्या ठिकाणी करायला लागलं की. त्याआधी नाही. मग एकेक करून वाढवा, आणि प्रत्येक वेळी पुन्हा टप्पा १ ची यादी बघा, कारण दोन महिन्यांत मुलाच्या आवडी पार बदललेल्या असतात. एक खूण आली की पुढच्या भराभर येतात, तेव्हा तुमचीच धांदल उडते.

शब्द यायला लागले की खूण बंद पाडायची गरज नाही, मूल काही दिवस शब्द आणि खूण दोन्ही करतं आणि मग खूण आपोआप गळते. काही खुणा मागे राहतात, तोंडात घास असताना "अजून", खोलीच्या पलीकडच्या टोकावरून "मदत". आमचं मूल आता भरपूर बोलतं पण बरणी उघडेना की अजूनही आधी मूठ तळव्यावर जाते, तोंडातून शब्द नंतर येतो.